खोट्या आभाळाचा निकाल

“पण चुकलं कोण, उस्ताद? मला एक नाव हवंय. एकच.”

लहानू उस्ताद माळ्यावरून पाय खाली सोडून बसले होते आणि ज्वारीच्या कणसांवरून पार बांधाच्या पलीकडं बघत होते.

“आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय,” मेजर सुधन्वा रणनवरे म्हणाला. “सकाळपासून वरून विचारणा चालू आहे.”

“हं…” उस्ताद म्हणाले.

माळा म्हणजे चार लाकडं रोवून वर टाकलेल्या फळ्या. कणीस दुधात आलं की पाखरांची धाड पडते, तेव्हा कुणीतरी उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्यावर बसून राखण करायची. लहानू कातकड्यांनी उभी हयात फौजेत आभाळाची राखण केली, आणि पेन्शन घेऊन घरी आले तर बायकोनं पुन्हा आभाळाकडंच बघायला बसवलं. खांदा दुखरा, गुडघा धरलेला. त्या दिवशी तर हनुवटीखालून डोक्यापर्यंत एक जुनं फडकंही बांधलेलं होतं.

थंडीचं बांधलं असेल, असं सुधन्वाला वाटलं. विचारायचं मात्र सुचलं नाही. तो इतका दमला होता की माळ्यावर चढल्यावर टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती तिथंच विसरून गेला.

तर हा सुधन्वा याच उस्तादांच्या हाताखाली शिकलेला.

फौजेची एक शाळा आहे. विमानं पाडायच्या तोफा कशा चालवायच्या ते तिथं शिकवतात. रीत तिथली मोठी गमतीची. शिकवणारा सुभेदार आणि शिकणारा साहेब. म्हणजे गुरूनं शिष्याला आधी कडक सॅल्यूट ठोकायचा, आणि मग चिखलातनं पळवायचं. “साहेब, आपण अगदी गाढवासारखे वागलात,” हे लहानू उस्ताद टाचा जुळवून, एवढ्या अदबीनं सांगायचे की कोवळे लेफ्टनंट “थँक्यू, उस्ताद” म्हणून मोकळे व्हायचे आणि बराकीत गेल्यावर त्यांना कळायचं आपण कशाबद्दल आभार मानले.

त्याच शाळेत आता सुधन्वा परीक्षक होता. मोठा नावाजलेला. त्याच्या हातून पास झालेला माणूस कुठंही पाठवा, अशी त्याची ख्याती. आणि त्या ख्यातीचा त्याला थोडा ताठाही होता, का नसावा.

“अहो, चहा आणलाय,” खालून आवाज आला. उस्तादांची बायको, ठकूबाई, किटली घेऊन उभी होती. “साहेब, वाकून घ्या. मला वर चढायला पंख न्हाईत.”

सुधन्वानं वाकून कप घेतला. “आणि उस्तादांना, काकू?”

“त्यांना नको. त्यांना आज काहीच नको.” ती वर बघत होती, पण नवऱ्याकडं नाही. आभाळाकडं. “माझी पांढरी आली का न्हाई अजून? बाकीची आली सगळी. शेवरीच तेवढी भटकी.”

ठकूबाईनं कबुतरं पाळली होती. घराच्या छपराखाली त्यांची खोकी टांगलेली. सकाळी सुटायची, दिवसभर कुठं कुठं फिरायची, आणि ऊन उतरलं की घरी. शेवरी त्यातली सगळ्यात उशिरा येणारी.

“येईल,” सुधन्वा म्हणाला.

“येती हो. पोटाला लागलं की येती.” आणि ती निघून गेली.

सुधन्वानं चहा एका घोटात संपवला. तो कसा होता, हे त्याला आठवणार नव्हतं.

“नीट सांगतो, उस्ताद. सुरुवातीपासून.”

“हं…”

आता त्यानं जे सांगितलं, ते असं.

शाळेत एक खोली आहे. तिला खिडकी नाही. आत पडदे आहेत आणि पडद्यांवर आभाळ आहे, खोटं. खोट्या आभाळात खोटी विमानं येतात, ठिपक्यांसारखी. काही शत्रूची, काही आपली. तिथं खरं म्हणजे काहीच येत नसतं, पण खुर्चीतल्या माणसाच्या काखेत घाम खरा येतो. कुणाला पाडायचं आणि कुणाला येऊ द्यायचं, हे चटकन ठरवायचं. आधी एकेकट्यानं बसून ठरवायचं. मग पाचांनी मिळून. आणि त्यांच्या मागं उभं राहून गुण द्यायचे ते मेजर सुधन्वा रणनवऱ्यानं.

“एकेकटे बसले तेव्हा पाचही जण अव्वल,” सुधन्वा म्हणाला. “एकानं म्हणून चूक केली नाही. असे पाच मला कित्येक वर्षांत मिळाले नव्हते.”

“हं…”

“आणि मिळून बसले, तर आपलंच विमान पाडलं.”

उस्तादांनी मान जराशी वळवली. बांधावरच्या बाभळीत काहीतरी हललं होतं.

“परत येणारं विमान होतं. आपलं असल्याची खूण ते देत नव्हतं, यंत्र बिघडल्यामुळं. तसं मीच लावून ठेवलं होतं, परीक्षाच होती ती. पण एकटं होतं. सरळ येत होतं. घाई नाही, वळसे नाहीत, लपणं नाही. दमून घरी येणाऱ्यासारखं येत होतं, उस्ताद. हे कुणालाही दिसायला हवं होतं.”

“कुणालाच दिसलं नाही?”

एवढा वेळ झाल्यावर उस्ताद पहिल्यांदा धड बोलले, तेही दातांवर दात ठेवून.

“तेच तर…” सुधन्वानं डोळे चोळले. “सगळ्यांना दिसलं. नंतर एकेकाला बोलावून विचारलं मी. पडद्यावरचा हवालदार कुलवंत म्हणतो, ‘साब, लगा था अपना है.’ मग बोलला का नाहीस? तर म्हणे, ‘बाकी सब पक्के थे, साब.’ फोनवरच्याला विचारलं. त्यालाही वाटलं होतं आपलं असेल. तो गप्प का? तर बाकीचे ठाम होते म्हणून. तोफेवरचे दोघं, त्यांचंही तेच. प्रत्येकाला शंका, आणि प्रत्येकाला वाटतंय की शंका फक्त मलाच. मग ठाम होता कोण? पाच खुर्च्या. पाचही खुर्च्यांत शंका. आणि गोळा सुटला.”

“आणि त्यांची म्होरकी?”

“केतकी. लेफ्टनंट केतकी पावडे.” नाव घेताना त्याचा आवाज खाली गेला. “शंका तिलाही होती, पण तिनं काही कारणच दिलं नाही. ‘सर, हुकूम मी दिला. माझंच नाव लिहा,’ एवढंच म्हणाली आणि समोर बघत राहिली.”

इथं सुधन्वा थांबला.

थांबायला कारण होतं. केतकीची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला तापात पडली आणि परीक्षा अर्धी राहिली. आता नाव लागलं की तोफेवरून खाली उतरायचं आणि कुठल्यातरी गुदामात डाळ-तांदळाच्या गोण्या मोजत बसायचं, कायमचं. त्या पोरीनं तोफेसाठी काय काय सोडलं होतं, ते सुधन्वाला ठाऊक होतं. घरच्यांशी अबोला धरला होता. ठरलेलं लग्न मोडलं होतं. खोट्या आभाळात पडलेलं विमान पुन्हा उडवता येतं, एक बटण दाबलं की झालं. माणसाचं तसं नसतं.

“नियमाप्रमाणं जबाबदारी म्होरक्याचीच,” तो म्हणाला. “सगळे गप्प असले तरी तिनं विचारायला हवं होतं. नाव तिचंच लागतं. नाही का?”

“हं…”

सुधन्वानं श्वास सोडला. “तुम्हालाही तसंच वाटतं. मग झालं… मलाही तसंच वाटत होतं.”

झालं म्हणाला खरा, पण हलका काही झाला नाही.

वाऱ्यानं ज्वारी सळसळली आणि थांबली.

“तुम्ही कुठं होतात?” उस्तादांनी विचारलं.

“कधी?”

“गोळा सुटला तेव्हा.”

“मी? मागं. त्यांच्या मागं उभा होतो. वेळ टिपत होतो. पेन बंद पडलं होतं, ते झटकत होतो. माझा काय संबंध, मी बोलायचंच नसतं. परीक्षक भिंतीसारखा असतो, हे तुम्हीच शिकवलंत.”

“हं…” उस्ताद म्हणाले आणि गालावर पालथा हात दाबून धरला.

तेवढ्यात भोरड्या आल्या.

भोरड्यांचा थवा आला की आधी आवाज येतो, मग सावली. काळ्या-गुलाबी पाखरांचा एक ढगच बाभळीवरून उठला आणि कणसांवर उतरायला लागला. उस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. गोफण डोक्याभोवती फिरली, फट्‌ करून आवाज झाला आणि दगड थव्याच्या मधोमध गेला. “हाऽऽ… हाऽऽ…” थवा फिरला, पलीकडच्या वावरावर गेला. तिकडून कुणीतरी पत्र्याचा डबा बडवायला लागलं.

“गेल्या,” सुधन्वा म्हणाला.

“कुठं जातात? दमून बसल्यात पलीकडं. मी दमलो की येतील.” उस्तादांनी खांदा चोळला आणि गोफण त्याच्या पुढ्यात टाकली. “घ्या. माझा हात भरून आलाय. विसरलात का?”

विसरला नव्हता. लेफ्टनंट असताना एका सुट्टीत याच माळ्यावर उस्तादांनी त्याला गोफण शिकवली होती. तोफ चालवायची तर आधी हातानं दगड मारून बघा, साहेब, म्हणजे सोडलेली वस्तू परत येत नाही हे मनगटाला कळतं, असं तेव्हा म्हणाले होते. तेव्हा त्याला हसू आलं होतं.

भोरड्या पुन्हा आल्या. सुधन्वानं पहिला दगड मारला तो बांधावर पडला. दुसरा बरा गेला. तिसऱ्याला थवा फुटला. त्याला बरं वाटलं. कितीतरी दिवसांत त्यानं स्वतः काही केलं नव्हतं, नुसतं दुसऱ्यांनी केलेल्याला गुण दिले होते.

“जमतंय की, उस्ताद.”

“हं…”

ऊन उतरलं. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला, आणि पश्चिमेचं सगळं आभाळ असं झालं की त्यात काही रंग दिसेना. जे येईल ते काळं. पाखरं येत होती, फिरत होती, जात होती. सुधन्वाचा हात आता आपोआप चालला होता. त्यालाही ते आवडायला लागलं होतं, की काही विचार करावा लागत नाही.

मग एक ठिपका आला.

एकटाच. डोंगराच्या बाजूनं, सूर्याच्या तोंडातनं. माळ्याच्या दिशेनं.

सुधन्वानं दगड गोफणीत घातला आणि हात वर नेला. वर नेला आणि थांबला. भोरडी एकटी येत नाही, असं त्याच्या मनात येऊन गेलं. ही वळत नाही. खाली कणसाकडं बघतही नाही…

“उस्ताद, हा एक. मारू?”

मागून आवाज आला.

“हं…”

दगड सुटला.

आता गोफणीचा दगड म्हणजे काही नेमबाजी नव्हे. एरवी दिवसभर मारत बसा, उडत्या पाखराला एक लागायचा नाही. ते भ्यावं एवढ्यासाठीच तो मारायचा. पण लागायचा नाही तोच लागला. ठिपका आभाळातल्या आभाळात वाकडा झाला, भिरभिरला, आणि ज्वारीत पडला. पडता पडता उन्हातून बाहेर आला, तेव्हा दिसलं की तो काळा नव्हता.

पांढरा होता.

सुधन्वाच्या हातातून गोफण लोंबत राहिली.

उस्ताद एकेक पाय जपून टाकत माळ्यावरून उतरले आणि कणसं बाजूला करत आत गेले. सुधन्वा मागोमाग उतरला. ज्वारी डोक्याच्या वर होती, उस्ताद पुढं कुठं आहेत तेही दिसत नव्हतं, नुसती पानं हललेली दिसायची.

परत आले तेव्हा शेवरी त्यांच्या दोन्ही हातांत होती. एक पंख उघडा पडलेला. डोळा मिटत होता, उघडत होता.

ठकूबाई घराकडून आलीच. तिला कुणी हाक मारली नव्हती.

तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग साहेबाकडं, मग त्याच्या हातातल्या गोफणीकडं. काही विचारलं नाही. पदर पसरला, त्यात कबुतर घेतलं.

“काकू…” सुधन्वा म्हणाला.

“घरी येत होती ओ ती,” ठकूबाई म्हणाली. आवाज चढलाच नाही, त्यानंच सुधन्वाला जास्त लागलं. “तुमचं काय खाणार होती? घरीच येत होती.”

ती चुलीकडं गेली. हळद शोधताना डब्यांचा आवाज होत होता, तो इथवर येत होता.

सुधन्वा माळ्याच्या खांबाला टेकला.

“उस्ताद, मी विचारलं होतं तुम्हाला. मारू का म्हणून विचारलं होतं. तुम्ही हं म्हणालात.”

“मी?”

“तुम्ही. हं म्हणालात. मी स्वतः ऐकलं.”

उस्तादांनी डोक्यावरची गाठ सोडली. फडकं काढलं. डावा गाल तळहाताएवढा सुजला होता, डोळ्याखालपर्यंत चढला होता. फडक्याच्या आतनं लवंगेचा वास आला.

“दाढ ठणकतेय, साहेब. परवापासनं.”

सुधन्वा बघत राहिला.

“तोंड उघडलं की वारा लागतो… म्हणून बोलत न्हाई जास्त. कळ आली की निघतो आवाज तोंडातनं.”

“म्हणजे तुम्ही ठिपका बघितलाच नव्हता?”

“मी गाल धरून खाली बघत बसलो होतो.”

पलीकडच्या वावरातला डबा थांबला होता. कुठंतरी लांब मोटार चालू होती, पाण्याची.

“आणि मगाशी…” सुधन्वा अडखळला. “मगाशी मी केतकीचं नाव घेतलं. नियमानं तिचंच नाव लागतं म्हणालो. तेव्हा?”

“तेव्हा पण ठणकतच होती.”

सुधन्वाला हसू यायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर आलंही असतं.

“तुम्हाला काय वाटलं होतं?” उस्तादांनी फडकं पुन्हा बांधता बांधता विचारलं. “दगड सोडायच्या आधी.”

“वाटलं होतं…”

“काय?”

“की भोरडी नाही. एकटं येतंय. सरळ येतंय. कुणाचं तरी असेल.”

“मग?”

“मग तुम्ही पक्के वाटलात. म्हणून…”

आणि तो तिथंच थांबला. कारण हे शब्द त्याचे नव्हते. हे कुलवंतचे शब्द होते.

उस्ताद माळ्यावर परत चढायला लागले. अर्ध्यात थांबून दम घेतला आणि मग चढले.

सुधन्वा खालीच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढं ती बिनखिडकीची खोली आली. पाच पाठी. पाच माना पुढं वाकलेल्या. पडद्यावर एकटा ठिपका, सरळ येणारा. कुणीतरी खुर्चीत हललं होतं, हे आता त्याला आठवलं. कुणीतरी बोलायला श्वासही घेतला होता. आणि त्याच्या स्वतःच्या हातात पेन होतं, न उठणारं, ते तो झटकत होता, आणि शेवटी एकदाची त्यातनं शाई उतरली होती, कागदावर निळी रेघ उमटली होती.

आणि तो म्हणाला होता…

काय म्हणाला होता?

मोठ्यानं नाही. स्वतःशीच. पेनाला.

“हं.”

पाचही पाठी एकदम सैल झाल्या होत्या आणि गोळा सुटला होता. ते त्यानं तेव्हा बघितलं होतं. बघून, निर्णयाला वेळ कमी लागला म्हणून, एक गुण जास्तही दिला होता.

खिशातला फोन वाजला. ऑफिसातला बाबू होता, दिवसभरात कितव्यांदा कोण जाणे.

“साहेब, गाडी निघतेय टपाल घेऊन. तेवढं नाव सांगा. बाकी सगळं तयार आहे. पावडे मॅडमचंच ना?”

सुधन्वानं वर माळ्याकडं बघितलं. उस्तादांची पाठ दिसत होती. ती काही सांगत नव्हती.

“नाही,” तो म्हणाला. “पावडे लिहू नका.”

“मग?”

“माझं लिहा.”

“साहेब, परीक्षकाचं नाव वर आहेच की. चुकीच्या रकान्यात कुणाचं टाकू, ते विचारतोय.”

“त्यातच माझं टाका. परीक्षक खोलीत होता आणि तो बोलला, असं लिहा. परीक्षा बाद. पाचांची पुन्हा होईल, आणि ती दुसरं कुणीतरी घेईल.”

“साहेब, हे असं लिहायला जागाच न्हाई कागदावर.”

“मग मागच्या बाजूला लिहा.”

“साहेब…” बाबूचा आवाज हळू झाला. तो जुना माणूस होता, सुधन्वाचं बरं चिंतणारा. “तुमच्या बढतीचे कागद वर जायचेत या महिन्यात. हे त्यांच्या बरोबरच जाईल. माझं ऐका, उद्यापर्यंत थांबवतो गाडी. काहीतरी सांगतो.”

“थांबवू नका.”

“पावडे मॅडमनी स्वतः लिहून दिलंय ओ, की चूक त्यांची.”

“ती खोटं बोलली नाही. तिला तसंच वाटतंय,” सुधन्वा म्हणाला. “लिहा तुम्ही.”

फोन ठेवला, तेव्हा त्याला वाटलं होतं की छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. फक्त पाय दुखताहेत हे कळलं.

तो माळ्यावर चढला आणि उस्तादांच्या शेजारी बसला. टोपी तिथंच पडली होती, तिच्यावर एका पाखरानं घाण करून ठेवली होती. त्यानं ती पुसली नाही.

घराकडून ठकूबाई आली आणि खाली उभी राहिली. पदरात पांढरं काहीतरी, हळदीनं पिवळं झालेलं.

“जगेल?” सुधन्वानं विचारलं.

“आज पाणी प्याली दोन थेंब. उद्याचं उद्या.” ती वर बघत म्हणाली, आणि मग नवऱ्याला, “तुम्ही आता उतरा खाली आणि ती दाढ उपटून या. सगळा गाव राखून बसलाय जसं काही.”

“पाखरं बसू दे, मग येतो.”

“पाखरं बसायची थांबत न्हाईत कुणासाठी.” ती गेली. जाताना पदरातल्या कबुतराशी काहीतरी बोलत गेली, ते ऐकू आलं नाही.

आभाळ तांबडं होऊन आता विझायला लागलं होतं. भोरड्या बाभळीवर गोळा होत होत्या, कलकल चालली होती. उस्तादांनी गोफण उचलून पुन्हा सुधन्वाच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती बघितली. घ्यायला हात पुढं होईना.

“मला नको, उस्ताद.”

उस्तादांनी ती परत घेतली नाही. तशीच राहू दिली.

“मी माझं नाव दिलं,” सुधन्वा म्हणाला. “ऐकलंत ना तुम्ही? केतकीचं काढायला लावलं. बढती जाईल कदाचित. जाऊ दे.”

उस्ताद गप्प.

“त्यांनी पुन्हा बसावं, मी खोलीत नसताना. तेच बरोबर. नाही का?”

उस्ताद गप्प. आता तर कळसुद्धा आली नाही त्यांना.

सुधन्वा त्यांच्याकडं वळला. फडक्यातून दिसेल तेवढ्या त्या सुजलेल्या चेहऱ्यावर काही हलतंय का, भुवई, ओठ, काहीही, ते शोधत राहिला. शाळेतल्या पोरानं पाटी दाखवून उभं राहावं तसा.

“बरोबर केलं ना मी, उस्ताद?”

डोंगराच्या काळ्या कडेवरून, उजेडाच्या शेवटच्या पट्ट्यात, एक ठिपका वर आला. एकटाच.

उस्तादांनी हनुवटीनं तिकडं खूण केली.

“माझ्या तोंडाकडं काय बघताय, साहेब… पाखरू तिकडनं येतंय.”